बारा चौकोन

एका रोलात बारा. तेरावा नाही.
म्हणून मी आधी माणसाशी हवापाण्याचं बोलते,
त्याच्या मेंढरांची चौकशी करते,
त्याच्या नळीनं त्याचा कडू माते पिते,
आणि मग कुठे कातडी पेटीचं बटण उघडते.

मामाचा कॅमेरा. एकावर एक दोन डोळे.
वरचा बघतो,
खालचा लक्षात ठेवतो.
बघायचं तर मान खाली घालावी लागते.
समोरच्याला वाटतं, बाई नमस्कार करतेय.
करतेच म्हणा.
काचेत डावं-उजवं उलटं:
चर्च समुद्राच्या भलत्याच अंगाला,
होडी निघाली की मी तिच्यामागे चुकीच्या दिशेनं वळते.
एकोणीस वर्षं झाली, दर वेळी.

फिल्म पुएर्तो मोन्तहून येते, बसनं,
आणि बस बोटीत चढून.
धुते मी न्हाणीघरात, खिडकीला घोंगडी लावून.
पाण्याला चिलोएत तोटा नाही,
आभाळ इथं धुणं घेऊन बसलं की उठायचं नाव घेत नाही.

शनिवारी अग्निशामक दलाचा बंब बाहेर पावसात उभा करतात.
त्याच्या जागी मी दोऱ्या बांधते,
कपड्यांच्या चिमट्यांत चौरस कागद.
नियम एकच:
जो फोटोत, फोटो त्याचा.

चेहरे तासाभरात संपतात.
एलियेसर नावेलकिन स्वतःला शर्टाच्या आत घालतो, पोटाशी,
आणि भिजत घरी जातो.
शाळेतल्या पोरी एकमेकींचे पळवतात.
मागे डोंगर राहतात.
ओहोटी राहते, धुक्यातली कुंपणं राहतात.
"ते दाराबाहेर आहेच की," रोसामेल म्हणतो,
"भिंत तर आम्ही ते दिसू नये म्हणून बांधली."

या खेपेला एदेलमिरा भिंग घेऊन आली,
निसटलेले टाके उचलायचं, पितळी मुठीचं.
चेहऱ्यांकडे गेलीच नाही.
टेकडीसमोर उभी राहिली, कागद हुंगावा इतकी जवळ.
बोटभर आभाळ. उतार. बटाट्याचे वाफे.
आणि ओरडली: ही मी!

खालच्या वाफ्याच्या टोकाला
तिळाएवढं काहीतरी, वाकलेलं.

"एप्रिल होता, मी बटाटे काढत होते. नियम म्हणजे नियम."
ओर्तेन्सियानं, तिच्या नणंदेनं, भिंग ओढून घेतलं.
बराच वेळ काही बोलली नाही.
"तुझी पाठ कधी अशी वाकली होती गं?
ही माझी पाठ."

मग भिंगाला रांग लागली.
कुणाला आपल्या चुलीचा धूर सापडला,
कुणाला गाय, आता विकलेली,
कुणाला आपणच उघडं टाकलेलं फाटक
आणि त्यावरून नवऱ्याशी तिथल्या तिथे जुनं भांडण.
दोऱ्या पाच वाजता रिकाम्या.

रात्री मी तो तीळ मोठा केला.
वाटाण्याएवढा झाला, बोराएवढा झाला,
त्यापुढे माणूस संपतो,
नुसते करडे दाणे उरतात, ओल्या वाळूसारखे.
एक पाठ आहे, एवढं खरं.
कुणाची, ते फिल्मलाही ठाऊक नाही.
दोन प्रती काढल्या. भांडण मिटलं.

सोमवारी धक्क्यावर रोसामेलनं मला बाजूला घेतलं.
"बोलू नकोस कुणाला.
त्या कोपऱ्यात मी बुजगावणं रोवलं होतं त्या वर्षी.
माझा जुना कोट.
वाऱ्यानं वाकायचं."
थांबला. दोर गुंडाळत राहिला.
"म्हणजे नियमानं, तिसरी प्रत माझी."

तीन कागद आता तीन घरांत आहेत.
रोसामेलचा म्हणे चुलीमागच्या भिंतीवर.

कॅमेऱ्यात एक चौकोन शिल्लक आहे.
उद्या त्याच टेकडीवर चढायचं.
दोघींना सांगितलंय, वाफ्यात उभ्या राहा,
एकमेकींपासून जरा लांब.
रोसामेलला म्हटलं, कोट घालून ये.
हात हलवू नका म्हटलंय.
हलवतीलच.